तोलेदो एका दिवसात: वार, चढ आणि बंद दारं सांभाळून

आम्ही माद्रिदला राहायला आलो तेव्हापासून घरून येणारा प्रत्येक पाहुणा जवळच्या तोलेदो या जुन्या गावाला जायचं म्हणतो. आई-बाबा, सासूबाई, नणंद आणि तिची मुलं, पुण्याची मैत्रीण, अशा सगळ्यांना घेऊन मी आतापर्यंत सहा वेळा जाऊन आले. त्यातली पहिली खेप वायाच गेली. सोमवारी गेलो, साडेअकराला पोचलो, भर उन्हात स्टेशनपासून चालत चढलो. ज्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी, मी मुद्दाम आई-बाबांना आणलं होतं, त्याला कुलूप. परतीचं तिकीट संध्याकाळी लवकरचं, त्यामुळे कॅथेड्रल अर्धवट टाकून पळावं लागलं. बाबांचा गुडघा पुढचे चार दिवस सुजलेला होता.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तोलेदो एका उंच खडकाळ टेकडीवर वसलेलं आहे आणि तीन बाजूंनी ताखो नदीने त्याला वेढा घातलाय. गावात सपाट रस्ता सापडणं मुश्कील. त्यामुळे इथला दिवस आखताना दोनच गोष्टी आधी बघायच्या: चढ कुठे आहे, आणि कुठलं दार कधी बंद होतं. यांच्याशी जमवून घेतलं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं.

१. आधी वार ठरवा

मंगळवार ते शुक्रवार यांतला कुठलाही वार उत्तम. सोमवारी त्रान्सितोचं सिनेगॉग आणि चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय बंद असतं. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांना दुपारीच उघडतं आणि त्रान्सितो दुपारी ३ ला बंद होतं, म्हणजे दोन्ही नीट पाहणं कठीण. शनिवारी सगळं उघडं असतं आणि दुपारी २ नंतर त्रान्सितोला तिकीटही लागत नाही, पण माद्रिदची अर्धी माणसं त्याच दिवशी तिथे येतात.

महिना निवडता येत असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज ३८-४० वर जातो. ते ऊन नागपूरकरांना नवं नाही, पण नागपुरात आपण त्या उन्हात टेकडी चढत नाही. हिवाळ्यात बरीच ठिकाणं तासभर लवकर बंद होतात, हेही ध्यानात असू द्या.

२. गाडीचं तिकीट

माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून 'आवान्त' नावाची जलद गाडी जाते. ३३ मिनिटांत तोलेदो. पुणे-मुंबई प्रवासाच्या सवयीने "जाऊन काढू तिकीट" असं करू नका. या गाडीत उभ्याने प्रवास नाही, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि सकाळच्या गाड्या सुट्टीच्या दिवसांत भरून जातात. चार-पाच दिवस आधी ऑनलाइन काढून ठेवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला.

जाताना नऊच्या आसपासची गाडी धरा. परतीची मात्र शक्य तितकी उशिराची घ्या. सहाच्या सुमारास सहलीच्या बसेस निघून जातात आणि तोलेदो एकदम शांत होतं. गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. ते गाव बघायचं असेल तर रात्री आठच्या पुढचंच तिकीट काढा.

गाडीत बसण्याआधी सामान यंत्रातून तपासतात आणि सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. अतोचा प्रचंड मोठं आहे, मेट्रोतून बाहेर पडून योग्य फलाटाशी पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. अर्धा तास हाताशी ठेवा.

गाडीचं तिकीट नाही मिळालं तर बस आहेच. माद्रिदच्या प्लासा एलिप्तिकाहून सुटते. मेट्रोच्या ६ आणि ११ नंबरच्या मार्गिका तिथे जातात. बस स्वस्त पडते, वेळ मात्र तास-सव्वा तास लागतो.

३. बरोबर काय घ्यायचं

- मूळ पासपोर्ट, किंवा इथे राहत असाल तर निवासपत्र. व्हिसाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये.
- गाडीची दोन्ही तिकिटं मोबाइलमध्ये उतरवून घेतलेली. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की ऐनवेळी नेट मिळत नाही.
- घट्ट पकड असलेले, वापरून मऊ झालेले बूट. रस्त्यांवर गोटे बसवलेत, ते शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेत. नव्या बुटांनी टाचा सोलतात, साध्या चपला उतारावर घसरतात.
- पाण्याची बाटली. नळाचं पाणी प्यायला चांगलं असतं.
- थोडी सुटी नाणी. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण मठातली मिठाई आणि सिटी बस यांना नाणी बरी पडतात.
- खाऊचा डबा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी दर वेळी नेते. का, ते सहाव्या पायरीत कळेल.

छत्री घेऊ नका, दोन माणसं समोरासमोर आली की गल्लीत छत्री मावत नाही. टोपी घ्या.

४. स्टेशनवर उतरल्यावर

आधी मागे वळून स्टेशनच पाहा. १९१९ ची ही इमारत आहे. नालाकृती कमानी, रंगीत काचा, कोरीव लाकडी तिकीटखिडक्या. लोक घाईत निघून जातात, तुम्ही पाच मिनिटं द्या.

बाहेर पडलात की पहिला सापळा. छापील जाकीट घातलेली माणसं "सेंटर, सेंटर" करत पुढे येतात आणि पर्यटक बसचं महागडं तिकीट गळ्यात मारतात. ती स्टेशनचीच माणसं आहेत असं वाटतं. पहिल्या खेपेला मला तसंच वाटलं आणि चार माणसांचे पैसे गेले. त्यांना नम्रपणे "नो, ग्रासियास" म्हणा आणि पुढच्या तीन मार्गांपैकी एक धरा.

सिटी बस: स्टेशनसमोरच थांबा आहे. गावातल्या मुख्य सोकोदोवेर चौकाला जाते का विचारून बसा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच मार्ग.

सरकते जिने: उजवीकडे वळून आसार्कियेल पूल ओलांडा, पलीकडे साफोन्तच्या बाजूने सरकते जिने थेट मिरादेरोपर्यंत वर नेतात. तिथून सोकोदोवेर दोन पावलांवर. चालत वीसेक मिनिटं, पण चढ जवळपास नाही.

आल्कान्तारा पूल: सर्वांत देखणा आणि सर्वांत दमवणारा. हा परतीसाठी राखून ठेवा. सकाळीच पाय गमावले तर दिवस संपला.

मला सरकत्या जिन्यांचा मार्ग आवडतो, त्याचं एक कारण तो पूल आहे. पूल अलीकडचा आहे, पण ज्याचं नाव त्याला दिलंय तो आसार्कियेल ११ व्या शतकात इथे तोलेदोत आकाश मोजत बसलेला अरब खगोलज्ञ. त्याच्या नावाशी जोडलेली 'तोलेदोची कोष्टकं' पुढे युरोपभर वापरली गेली. ग्रहताऱ्यांच्या या कोष्टकांमागे बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाचं काम होतं, आणि त्याच्यामागे बगदादला पोचलेले आपल्याकडचे खगोलाचे सिद्धान्तग्रंथ. आई शाळेत गणित शिकवायची. तिला हे पुलावर उभं राहून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ कठड्याला हात लावून उभी होती.

५. सकाळ: कॅथेड्रल, आणि तेही पहिलं

सोकोदोवेर चौकात कॉफी घ्या, पण रेंगाळू नका. इथे पूर्वी जनावरांचा बाजार भरायचा, चौकाचं नावही त्याच अर्थाच्या अरबी शब्दावरून आलंय. सोमवार ते शनिवार कॅथेड्रल १० वाजता उघडतं. त्या वेळी दाराशी असाल तर पहिला तास जवळपास तुमचाच. अकरानंतर माद्रिदच्या सहलबसेस येतात.

तिकीटघर दारासमोरच्या दुकानात आहे, त्यामुळे लोक चुकीच्या दाराशी रांग लावतात. आधी तिकीट, मग दार. खांदे झाकलेले असू द्या. फ्लॅश चालत नाही.

बांधकाम १२२६ मध्ये सुरू झालं आणि १४९३ मध्ये पुरं झालं, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं. सगळं पाहायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. मी पाहुण्यांना तीन गोष्टींपाशी थांबवते.

एक, गायकवृंदाच्या आसनांची खालची रांग. वाकून पाहा. पाठीच्या लाकडी फळ्यांवर ग्रानादाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या लढाईचे ५४ प्रसंग कोरलेत, प्रत्येक फळीवर एकेक किल्ला पडतोय. किल्ल्यांचा इतिहास ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला इथून हलवणं अवघड जातं. बाबा एकेक फळी मोजत गेले: बुरूज, शिड्या, किल्ल्या सोपवणारा किल्लेदार. लढाई चालू असतानाच हे कोरकाम सुरू झालं होतं.

दोन, मुख्य वेदीच्या मागचा भाग, ज्याला 'त्रान्सपारेन्ते' म्हणतात. नार्सिसो तोमे नावाच्या शिल्पकाराने १७३२ मध्ये तो पुरा केला. मागच्या अंधाऱ्या वाटेत प्रकाश यावा म्हणून त्याने चक्क जुन्या छताला भोक पाडलं आणि त्या भोकाभोवती देवदूतांची गर्दी रंगवली, घडवली. ऊन वर असताना तो झोत संगमरवरावर पडतो तेव्हा दगड ओला असल्यासारखा दिसतो. तिथे पाठ करून उभे राहा आणि मान वर करा. बहुतेक जण समोरचं पाहतात आणि छत पाहायचं विसरतात.

तीन, पूजेची वस्त्रं-भांडी ठेवायच्या दालनातलं एल ग्रेकोचं 'एल एस्पोलियो' हे चित्र. येशूचा लाल झगा दाराशी पाऊल टाकल्या टाकल्या डोळ्यांत भरतो. हा चित्रकार मूळचा क्रीट बेटावरचा, १५७७ मध्ये तोलेदोत आला आणि १६१४ मध्ये इथेच वारला.

खजिन्यातली सोन्या-चांदीची मोठी प्रभावळही बघून घ्या. कॉर्पुस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या दिवशी ती मिरवणुकीने गावातून नेतात, रस्त्यांवर चांदव्यासारखी कापडं ताणतात. ते पाहायचं असेल तर मुद्दाम त्यासाठीच या. नेहमीचं स्थलदर्शन त्या दिवशी होत नाही.

पाय शाबूत असतील तर इथून दहा मिनिटांवरची क्रिस्तो दे ला लूस ही चिमुकली मशीद पाहा. दर्शनी विटांमध्येच कोरलेला लेख सांगतो की ती ९९९-१००० च्या सुमाराची आहे. आत आठ-आठ मीटरची जेमतेम एक खोली, चार खांब, नऊ घुमट, आणि नवांतल्या एकाचीही नक्षी दुसऱ्यासारखी नाही. पुढे तिचं चर्च झालं, नवा भाग मागे जोडला, जुना तसाच ठेवला. जायला उतार आहे, परतताना मात्र चढ. गुडघेदुखी असलेल्यांनी सोडून द्या.

६. जेवण: शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा

स्वयंपाकघरं दीड-दोनला उघडतात आणि चारला बंद होतात. बारा वाजता भूक लागली तर कॉफी-पावच मिळेल. आठवड्याच्या दिवसांत 'मेनू देल दिया' मागा, ठरलेल्या पैशांत दोन पदार्थ, गोड आणि पेय.

आता सापळे. 'वेखेताल' नावाच्या सँडविचमध्ये भाजी असते, आणि बरोबर ट्यूना मासा व अंडंही. 'एन्सालादा मिक्स्ता' या सॅलडवरही ट्यूना. मसुराच्या आमटीत डुकराच्या सॉसेजचे तुकडे. माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी, "मांस नको" म्हणून सांगितलं तर वेटरने अगदी प्रेमाने हॅम घातलेली भाजी आणली. हॅमला इथे पुष्कळ जण मांसात धरतच नाहीत. आणि 'गास्पाचो' म्हणजे गार टोमॅटोचं सार हे खरं, पण या भागातला 'गास्पाचो मान्चेगो' हा शिकारीच्या मांसाचा रस्सा असतो. नाव वाचून मागवू नका.

हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि सगळं म्हणा: "सोय वेखेतारियाना. नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि आतून, नि खामोन." पुरुषांनी पहिल्या वाक्यात 'वेखेतारियानो' म्हणायचं.

खात्रीने मागवण्यासारखं: पिस्तो, म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीसारखी दिसणारी सुकिनी मंद शिजवलेली भाजी. वर अंडं घालतात, नको असेल तर "सिन वेवो" म्हणा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया. मान्चेगो चीज मेंढीच्या दुधाचं, चवीला फार छान. पण त्यात दूध विरजायला सहसा जनावराचं रेनेट वापरतात, कडक पाळणाऱ्यांनी टाळावं. यातलं काही जमलं नाही, तर डबा आहेच. पासेओ देल त्रान्सितोच्या बागेत बाकं आणि सावली आहे, आम्ही तिथे बसून जेवतो. खाली नदी दिसते.

७. दुपार: ज्यू मोहल्ला

जेवणानंतर गावाच्या पश्चिम टोकाकडे जायचं. इथली चारही ठिकाणं दहा मिनिटांच्या आत आहेत आणि वाट बहुतेक उताराची. जेवणापूर्वी किंवा नंतर 'पुलसेरा तुरिस्तिका' नावाचा मनगटी पट्टा घ्या. सान्तो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस आणि वरची ती मशीदही त्यात येते. मशीद सकाळी पाहणार असाल तर पट्टा तिथेच घ्या. लक्षात ठेवा, कॅथेड्रल आणि त्रान्सितो या पट्ट्यात येत नाहीत. अनेक जण त्रान्सितोच्या दारात पट्टा दाखवून हिरमुसतात.

सान्तो तोमेमध्ये एकच चित्र बघायला जायचं: एल ग्रेकोचं 'ओर्गासच्या सरदाराचं दफन', १५८६ ते १५८८ मधलं, जवळपास पावणेपाच मीटर उंच. गर्दी वर पाहत असते. तुम्ही खाली डावीकडे पाहा. मशाल धरलेला लहान मुलगा आहे, तो चित्रकाराचा मुलगा समजला जातो. त्याच्या खिशातून रुमाल डोकावतोय आणि रुमालावर १५७८ हे मुलाचं जन्मसाल आहे. एवढ्या मोठ्या चित्रात बापाने मुलाची तारीख रुमालाच्या घडीत ठेवली.

त्रान्सितोला सर्वांत जास्त वेळ द्या. राजा पेद्रोचा खजिनदार शमुएल हा-लेवी याने १४ व्या शतकाच्या मध्याला बांधलेलं हे सिनेगॉग. बाहेरून साधं, आत गेल्यावर लांबलचक उंच दालन आणि वर कोरीव लाकडी छत. भिंतींवरचा गिलावा जवळ जाऊन पाहा: वेलबुट्टीच्या मधून हिब्रू ओळी धावतात, त्याच नक्षीत अरबी अक्षरं गुंफलीत, आणि शेजारी इथल्या कास्तीय राज्याचं राजचिन्ह, किल्ला आणि सिंह. एकाच भिंतीवर तिन्ही. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकललं गेलं आणि ही वास्तू ख्रिस्ती लोकांकडे गेली. अक्षरं मात्र राहिली. पुण्याचं लाल देऊळ आपण बाहेरूनच पाहिलेलं असतं, कोकणातल्या बेने इस्रायल शेजाऱ्यांच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात. त्यामुळे असेल, मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही. वरच्या मजल्यावर बायकांची बसायची जागा आहे, तीही बघा.

सांता मारिया ला ब्लांका मूळचं सिनेगॉग, पुढे चर्च. पांढऱ्या नालाकृती कमानींचं बन. दहा मिनिटं पुरतात. सान हुआन दे लोस रेयेसच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या टांगलेल्या दिसतील. ग्रानादाच्या राज्यात कैदेत असलेल्या आणि सुटून आलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या त्या बेड्या. आतलं अंगण शांत आहे, तिथे बसून पाय मोकळे करा.

८. खरेदी

मार्सिपान घ्या. बदाम आणि साखर. तोलेदोच्या मानांकनाला निम्मे तरी बदाम लागतात. काही मठांमधल्या जोगिणी ते स्वतः बनवतात आणि भिंतीतल्या लाकडी फिरत्या खिडकीतून देतात. तुम्ही पैसे ठेवता, खिडकी फिरते, डबा येतो, माणूस दिसत नाही. वरून अंड्याचा बलक लावलेला असू शकतो. "येवा वेवो?" असं विचारून घ्या.

तलवारींच्या दुकानांत मुलं अडकतात. आपल्या फिरंग तलवारींना युरोपातली पाती बसवत, हे ठाऊक असलेलं पोर तर हलतच नाही. पाहू द्या, पण विकत घेऊ नका. स्टेशनच्या तपासणीत अडचण, विमानात हातसामानात बंदी, आणि भारतात आणताना शस्त्र कायदा आडवा येतो. त्यापेक्षा काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली लहान डबी किंवा कानातलं घ्या. कारागीर दुकानात बसून काम करत असेल तिथलंच. यंत्राचा माल स्वस्त असतो आणि तारेच्या कडा बोटाला लागत नाहीत, हाच फरक तपासायचा.

९. संध्याकाळ: नदीपलीकडे

सान मार्तिन पुलावरून नदी ओलांडा. इथून पलीकडच्या काठाने रस्ता 'मिरादोर देल वाये' या उंचावरच्या जागेला जातो, तिथून पुढे आल्कान्तारा पुलाशी उतरतो. सगळं मिळून चारएक किलोमीटर, सुरुवातीला चढ. ऊन उतरल्यावरच निघा. दमला असाल तर टॅक्सी करा, तिला थोडं थांबायला सांगा आणि तीच घेऊन आल्कान्ताराला उतरा. आई-बाबांबरोबर दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं.

वरून सगळं गाव एका नजरेत येतं: डावीकडे सान हुआन, मध्ये कॅथेड्रलचा मनोरा, उजवीकडे आल्कासार किल्ल्याचे चार बुरूज, आणि खाली खडकातून वळसा घालणारी ताखो. हीच नदी पुढे पोर्तुगालात जाऊन लिस्बनपाशी समुद्राला मिळते. गोव्याकडे निघालेली पोर्तुगीज जहाजं तिच्याच मुखातून बाहेर पडायची. बाबांनी हे ऐकल्यावर फोटो काढायचं थांबवलं आणि नुसतं पाण्याकडे बघत राहिले.

आल्कान्तारा पुलावर दिवे लागेपर्यंत थांबा. तिथून स्टेशन चालत पंधरा मिनिटं, रस्ता सपाट. गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा, कारण इथेही सामान तपासतात. आणि बाटली स्टेशनवरच भरून घ्या, गाडीत बसल्यावर सगळ्यांना एकदम तहान लागते.